राजहंसाचे ब्रेक

रविवार, ६ जानेवारी १९५७. सावली

चांद्याहून मूल गावामार्गे संध्याकाळी सावलीला पोचले. सोबत राजहंस.

राजहंस म्हणजे मोटार. कारखान्याच्या पुस्तिकेत तिला 'मध्यम आकाराची ऐषारामी गाडी' म्हटलं आहे. सहा सिलिंडर, चार दारं, सायीच्या रंगाचं अंग, वर तांबडं छप्पर, बॉनेटच्या टोकाला क्रोमचा हंस. हंसाने पंख उचललेले आहेत. मूलच्या पुढचा रस्ता पाहिल्यावर त्याला उडून जावंसं का वाटतं ते कळलं.

काम असं आहे. जंगली मुलखातल्या रस्त्यांवर गाडी कशी वागते याचा अहवाल कारखान्याला हवा आहे: रूप, धाव, सुरक्षा. नागपूरला माझे मामा राजहंसचे एजंट आहेत, त्यांनी माझं नाव सुचवलं. अहवाल पटला तर कारखान्याच्या परीक्षण विभागात मला जागा मिळेल. चुकीचा निघाला तर मामांच्या दुकानात टायर विकत बसेन, आणि बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं म्हणणाऱ्यांना जन्मभराचा दाखला मिळेल. कारखान्याने पत्र 'श्री. भा. मामीडवार' या नावाने पाठवलं होतं. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा माझा आहे, 'श्री' त्यांचा. मी दुरुस्ती केलेली नाही.

मुक्काम बापूजी चिंतावारांकडे. त्यांची धानाची गिरणी आहे, लाकडाचे ठेके आहेत आणि मोटार घेण्याचा विचार आहे. मामांनी निघताना दोन सूचना दिल्या: गाडी धुऊन ने, आणि निळी साडी नेस. पहिली योग्य आहे. दुसरीचं कारण विचारलं तर म्हणाले, "गाडीच्या रंगाला शोभते." मामांना रंगांची इतकी जाण असल्याचं माहीत नव्हतं.

मामी सोबतीला चांद्यापर्यंत आली आणि तिथे बहिणीकडे राहिली. तिथून बापूजींचा मुलगा देवाजी वाट दाखवायला बसला. वाट एकच आहे.

बापूजी गाडीभोवती एकदा फिरले. "चांगली दिसते," म्हणाले, पण पाहत माझ्याकडे होते. त्यांना थोडं तिरळं असावं.

सोमवार, ७ जानेवारी

आज रूप.

पुढची जाळी देखणी, पण दगड लागला की वाकेल. पांढऱ्या कडांचे टायर इथे अर्धा तास पांढरे राहतात. आत लोकरीचं बिछावन, घड्याळ, सिगारेट पेटवायची सोय. बसायला उत्तम. उजव्या बाजूच्या मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते आणि त्याचं कुलूप सैल आहे.

देवाजीने डोकं आत घालून सगळं पाहिलं. "इंजनेरबाई, घड्याळ हाय, बिडी पेटवाले जागा हाय. चिखलात रुतली त बैल जुपाले आकडा हाय का?"

"नाही."

"मंग लिवा."

लिहिलं. सूचना योग्य आहे.

दुपारी गावातल्या बायका गाडी बघायला आल्या. गाडी बाहेर होती, त्या आत आल्या. देवाजीची आई सुगंधाबाई मध्ये बसल्या होत्या.

"कोनतं वर्ष चालू हाय?" त्यांनी विचारलं.

"गेल्याच वर्षीची आहे. कारखान्यातून ऑगस्टात निघाली."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "गाडीचं नाई व बाई, तुमचं!"

तेवीस, म्हणून सांगितलं. मग मला विहिरीवरून तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. मी जाताना आणि येताना सगळ्या गप्प होत्या. पाणी कोणी प्यायलं नाही. मग एकीने सुईत दोरा ओवायला दिला. सीटची शिवण उसवली असेल असं समजून ओवून दिला. नंतर तपासलं, सीट शाबूत आहे. इथल्या लोकांची गाडी पाहण्याची पद्धत शिस्तीची नाही.

सुगंधाबाईंनी त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. "माह्या बापाच्या रेंगीत बसून मी याच घरी आली होती, दाखवाले. यायनं मले पसंत केलं, पन तोंडानं कोन सांगते? रेंगीच्या आसाले घरचं तेल घातलं. या घरची तशीच चाल हाय. बापानं तेल पाह्यलं आन् रडाले लागला." रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. आसाला तेल घालणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, वडील का रडले ते कळलं नाही.

बुधवार, ९ जानेवारी

आज धाव.

वैनगंगा ओलांडून गडचिरोली, पुढे जंगलात. नदीत पाणी कमी आहे, रेतीवर तुराट्या अंथरून वाट केली आहे. राजहंसाने ती पहिल्या गिअरमध्ये रडत पार केली. पाणी उकळलं, दोनदा थांबले. सपाट रस्त्यावर मात्र इंजिन फार गोड चालतं. हे वाक्य अहवालात जाणार नाही. 'कंपन अल्प' असं जाईल.

सुगंधाबाईंनी देवाजीला तेल आणायला सोबत पाठवलं. गडचिरोलीच्या पुढे एका धक्क्याला मागचं उजवं दार उघडलं आणि तेलाचा रिकामा डबा रस्त्यावर गेला. देवाजी डब्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

"सुरक्षेत लिवा," तो म्हणाला, "डबा गेला, मानूस वाचला."

दार दोरीने बांधलं. त्याने मारलेली गाठ चांगली होती. एका ओढीत सुटते, धक्क्याने सुटत नाही.

जंगलातल्या गावात सोमारी नावाच्या बाईकडून तेल घेतलं. ती मोहाच्या बिया गाळून तेल काढते, इथे त्याला टोरीचं तेल म्हणतात. चिंतावारांचं घर याच तेलावर चालतं. सोमारीने क्रोमच्या हंसात स्वतःचं तोंड पाहिलं. ते लांबट दिसलं. तिने नवऱ्याला ओढून आणलं, त्याचं तोंड पाहिलं आणि पोट धरून हसली. मग मला विचारलं, "हा बदक सिजवत नाई काय?"

"तो धातूचा आहे."

"मंग काऊन बसवला?"

कारखान्याला विचारीन.

परतताना डिकीत तेल सांडलं.

गुरुवार, १० जानेवारी

सकाळी फार गार होतं. डिकीतलं सांडलेलं तेल तुपासारखं थिजून बिछावनात रुतलं होतं. चमच्याने खरवडून काढलं. डिकीला पन्हळ हवी, असं लिहिलं.

ब्रेकच्या नळीचा एक नट धक्क्यांनी सैल झाला होता. आवळला. ब्रेकचं तेल बरंच खाली गेलं आहे. चालेल. चांद्याला गेले की भरीन.

शुक्रवार, ११ जानेवारी

घरात आज कारण नसताना आनंद आहे. जेवायला पुरणपोळी. बापूजी माझ्याशी मामांच्या प्रकृतीबद्दल बोलले, गाडीबद्दल एक शब्द नाही. गिऱ्हाईक म्हणून ते फार ढिले आहेत.

त्यांचा गाडीवान लटारू सकाळी वाटीभर तेल घेऊन राजहंसाभोवती फिरत होता, खाली वाकून काही शोधत होता. विचारलं तर लाजला. "काई नाई बाई, चाकं पाहून राह्यलो." मी रेडिएटर धुऊन परत आले तेव्हा वाटी रिकामी होती. त्याने हंसाला झेंडूचा हार घातला होता. हाराने हवा अडते. काढून ठेवला.

शनिवार, १२ जानेवारी

आज सुरक्षा.

बापूजी आणि सुगंधाबाईंना घेऊन सकाळी घाटाकडे निघाले. रस्ता नदीकडे उतरतो तिथे ब्रेक दाबला. पायडल दगड. पायाखाली काही हललंच नाही. समोर बैलगाडी आडवी होती. दुसरा गिअर, मग पहिला, हातब्रेक ओढला आणि गाडी रस्त्यावरून खाली एका बांधीत घातली. बांधी म्हणजे धानाचा तुकडा. कापणी झाली होती. धसकटांत थांबलो.

सुगंधाबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं आहे. पुढच्या सीटच्या मागची क्रोमची दांडी शोभेची आहे, आणि बरोबर कपाळाच्या उंचीवर आहे.

बापूजी उतरून धसकटांतून गाडीभोवती एकदा फिरले. मग म्हणाले, "पोरी, गाडी झकास हाय. फकत थांबाले बांधी संग ठेवा लागते."

मी माफी मागितली. सुगंधाबाई म्हणाल्या, "मायबाई, हात किती घट हाय तुमचा! दुसरी असती त किंचाळली असती." गाडीने त्यांना मारता मारता सोडलं, आणि त्या माझ्या हाताचं कौतुक करत होत्या. टेंगळाचा परिणाम असावा.

दुपारी तोच ब्रेक तपासला. लोण्यासारखा. गाडी जागच्या जागी थांबते.

रविवार, १३ जानेवारी

सकाळी दगड, दुपारी लोणी. चाकं खोलली, ड्रम कोरडे, नळी कुठे चेपलेली नाही. दोष सापडत नाही.

'ब्रेक विश्वासार्ह नाहीत' असं लिहिलं तर कारखाना विचारेल, का? 'माहीत नाही' असं उत्तर देणाऱ्याला परीक्षण विभागात घेत नाहीत. मामांच्या एजन्सीचाही बोजवारा उडेल. न लिहावं तर पुढच्या उतारावर बांधी असेलच असं नाही. लिहिणार आहे. कारण सापडलं नाही तरी लिहिणार. पण सापडलं तर फार बरं होईल.

देवाजीने विचारलं, "जेवल्या काऊन नाई?"

"विचार करते आहे."

"माह्या आईले वाटून राह्यलं, तुमचं मन लागत नाई इथी."

"मन नाही, ब्रेक लागत नाहीत."

तो उगाच इतका हसला. मग कंदील धरून गाडीखाली माझ्याबरोबर बसला. कंदील योग्य उंचीवर धरतो, सांगावं लागत नाही.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी न्हाण्याआधी अंगाला लावायला सुगंधाबाईंनी तेल दिलं. बाटली उपडी केली, काही पडलं नाही. "थांबा, चुलीपाशी ठेवते. थंडीत गोठते मेलं. ऊन पडलं का पानी होते."

मी तशीच उठून अंगणात गेले. पायाखालची चटई काढली, पत्रा काढला, ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. तोंडापर्यंत भरलेली. मी भरलेली नव्हती. बोट घातलं. पिवळट, घट्ट, मोहाचा वास.

लटारूला बोलावलं. त्याने न घाबरता सांगितलं. "बाई, मोटारीचा आस भेटलाच नाई कुठी. सारं बंद. मंग हे झाकन उघडलं, आतून एरंडेलाचा वास आला. म्हटलं, तेलाची जागा हेच. आन् अर्धं रिकामं होतं बापा! म्हटलं, शहरातले लोक तेल बी पुरतं घालत नाई."

ब्रेकच्या तेलात एरंडेल असतं, त्याचं नाक बरोबर होतं. बाकी सगळं चूक. कोणी घालायला सांगितलं विचारलं, तर त्याने घराकडे पाहिलं. "सांगा लागते काय? चाल हाय."

पाहुण्याच्या गाडीला तेल घालण्याची चाल असावी. तिथेच सगळ्यांसमोर नळ्या सोडल्या आणि तेल घमेल्यात काढलं. ऊन चढलं तसं ते धार लावून पडलं. चारही चाकांचं काढलं. मी खूश होते, थोडी गुणगुणतही असेन. मान वर केली तर ओसरीवर सगळं घर उभं होतं. सुगंधाबाई आत गेल्या. बापूजींनी पागोटं काढून पुन्हा घातलं.

तिळगूळ मिळाला नाही. विसरले असतील.

मंगळवार, १५ जानेवारी

आज गाडी बघायला कोणी आलं नाही. कामाला निवांतपणा मिळाला. जेवण दिलं, वाढताना कोणी आग्रह केला नाही. मला आग्रह आवडत नाही, तरी दुसरी पोळी संपली नाही. कोरडी असावी.

दवाखान्यातून स्पिरिट आणून नळ्या धुतल्या. ब्रेकचं तेल फक्त चांद्याला मिळेल. मी सांगायच्या आत देवाजी निघाला. पहिली प्रवासी मोटार धुक्यात सुटते. ऊन पडेपर्यंत थांबला असता तरी चाललं असतं.

बुधवार, १६ जानेवारी

तेल आलं. नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक आत पायडल दाबायला, एक खाली चाकाशी. खाली मी होते. आत देवाजी.

"दाबा."

"दाबलं."

"धरा. सोडा. पुन्हा."

दुसऱ्या चाकाला तो वरून म्हणाला, "ब्रेक सुधरले का तुमी जानार."

"उद्या."

"नापसंत त नापसंत. पन तोंडानं सांगितलं असतं त चाललं असतं. साऱ्या गावासमोर तेल सांडवलं, आईच्या जिवाले लागलं."

"काय नापसंत? दाबा."

पायडल दाबलं गेलं नाही. मग दार उघडून तो खाली वाकला आणि गाडीच्या पोटाखाली माझं तोंड शोधलं.

"तुमाले माहीतच नाई?"

मग त्याने सांगितलं. मामा आणि बापूजी यांनी दिवाळीतच ठरवलं होतं: एका फेरीत दोन्ही पाहू, गाडी आणि मुलगी. वाटीभर तेल म्हणजे पसंती. मुलीकडच्यांनी ते पुसून टाकलं तर नकार. मी पुसलं नव्हतं, घमेलंभर काढून स्पिरिटने धुतलं होतं.

तांब्या आठवला. सुईदोरा आठवला. निळी साडी आठवली. सुदैवाने मी गाडीखाली होते, तोंड दिसत नव्हतं.

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मले वाटलं, तुमाले माहीत हाय. चांद्यापासून वाट दाखवाले बसलो, सीधा रस्ता. काईच वाटलं नाई तुमाले?"

"वाट एकच आहे एवढं नोंदवलं होतं."

तो हसला. मग हसू ओसरल्यावर म्हणाला, "कारखान्यात जागा भेटली त जाल?"

"जाईन."

"मंग नीट दाबा लागन," असं म्हणून तो परत आत बसला आणि मी 'दाबा' म्हणायच्या आधीच दाबलं. उरलेल्या चाकांत हवेचा एक बुडबुडा राहिला नाही. इतकं चांगलं काम मी एकटीने केलं नसतं, हे तांत्रिक कारणानेही खरं आहे.

मामांना काय बोलायचं ते नागपूरला बोलेन. त्याची नोंद इथे करणार नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

निघाले. आधी गार पहाटे घाटाच्या उतारावर ब्रेक चार वेळा तपासले. उत्तम. अहवालात लिहिलं: ब्रेक निर्दोष; टाकीच्या झाकणावर ठळक सूचना हवी, कारण ग्राहक त्यात काहीही घालू शकतो. मागच्या दाराचं कुलूप धोक्याचं. शोभेची दांडी काढावी. हंस अनावश्यक.

बापूजींनी विचारलं, "पोरी, खरं सांग. घेऊ का गाडी?"

"कुलूप बदलून दिल्याशिवाय घेऊ नका."

"तुह्या मामाची विक्री बुडन."

"बुडेल."

ते माझ्याकडे पाहत राहिले. तिरळेपणा अजिबात नाही.

सुगंधाबाई दारात उभ्या होत्या, टेंगूळ आता पिवळं पडलं आहे. मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, "थोडं टोरीचं तेल द्या."

अंगणात सगळे थांबले. लटारूच्या हातातला दोर खाली पडला.

"ब्रेकला नाही," मी म्हटलं. "मागच्या दाराच्या बिजागरीला. आल्यापासून कुरकुरते आहे. तिथे हे तेल चालतं."

त्या आत गेल्या. वाटी भरून आणली, चुलीपाशी पातळ केलेली. मी बोटाने बिजागरीला तेल लावलं, वर, खाली. देवाजीने दार धरलं आणि हळूहळू उघडमीट केली.

लटारू पुढे आला. "बाई, जराक आसाले बी..."

"गप रे," सुगंधाबाई म्हणाल्या. "जेवढं मांगतलं तेवढंच." मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. तीन दिवसांचा होता. कडक झाला होता.

दार आता वाजत नाही. दोरीही बांधली, त्याच गाठीने.

चांद्यापर्यंत वाट दाखवायला देवाजी बसला आहे. मूलला पाणी भरायला थांबले तेव्हा एवढं लिहून घेतलं. वाट एकच आहे. मी काही म्हटलं नाही.